कानाला आधी कळते : थरारपटांतील ध्वनीचा विचार

भीतिदायक चित्रपट पाहताना प्रसंग टिपेला पोचला की पुष्कळ प्रेक्षक डोळे मिटून घेतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. कानांना पापण्या नसल्यामुळे भीती आत येतच राहते. ती खरोखर थांबवायची असेल तर हात कानांवर ठेवायला हवेत. हे पडताळून पाहणे सोपे आहे. दूरचित्रवाणीवर असा एखादा प्रसंग चालू असताना आवाज पूर्ण बंद करावा. अंधारा जिना, अर्धवट उघडे दार आणि मेणबत्ती घेऊन सावकाश चाललेली बाई एवढेच उरते, आणि थोड्या वेळाने हसू येऊ लागते.

असे असूनही चित्रपटाविषयी लिहिताना आपण कथा, अभिनय, छायाचित्रण यांवर परिच्छेदामागून परिच्छेद खर्च करतो आणि ध्वनीची बोळवण ‘पार्श्वसंगीत परिणामकारक आहे’ या एका वाक्यात करतो. परिणाम कसा झाला, तो कोणत्या नियमाने झाला, आणि तो प्रामाणिकपणे साधला की फसवून, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. या लेखात आम्ही निवडक चित्रपटांतील काही प्रसंग घेऊन तेच प्रश्न विचारणार आहोत. ओघात काही रहस्ये फुटतील, त्याला इलाज नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. थरार आवाजाच्या मोठेपणात नसतो. कानाला जे कळले आहे आणि डोळ्यांना जे दिसले आहे, त्यांत अंतर पडले की थरार निर्माण होतो. हे अंतर किती ठेवायचे, किती वेळ ताणायचे आणि कधी मिटवायचे, यात दिग्दर्शकाचे आणि ध्वनिसंयोजकाचे कसब असते.

दचकणे आणि धास्तावणे

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दचकणे निराळे आणि धास्तावणे निराळे. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या संभाषणात याचे एक उदाहरण दिले होते, ते आता प्रसिद्ध झाले आहे. टेबलाखालचा बाँब एकाएकी उडाला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बाँब तेथे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आणि टेबलाशी बसलेल्यांना मात्र ठाऊक नाही, अशी मांडणी केली तर त्यांच्या साध्यासुध्या गप्पासुद्धा ऐकवेनाशा होतात.

दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अकस्मात मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. पापण्यांची ही हालचाल आवाजानंतर साधारणपणे ३० ते ५० सहस्रांश सेकंदांत सुरू होते. हा संदेश मस्तिष्कस्तंभातून परस्पर स्नायूंकडे जातो. आवाज कशाचा होता हा विचार त्यानंतरचा. त्यामुळे स्वयंपाकघरात ताटली पडली तरी आपण दचकतो. एखाद्या चित्रपटाने आपल्याला दचकवले, एवढ्यावरून त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही; ते काम ताटलीही करते.

या क्रियेचे दोन गुणधर्म मात्र चित्रपटाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की प्रतिक्रिया मंदावत जाते, हा पहिला. आधीच धास्तावलेला प्राणी शांत प्राण्यापेक्षा जास्त जोराने दचकतो, हा दुसरा. चांगला थरारपट हे दोन्ही गुणधर्म ओळखून असतो. तो क्वचित दचकवतो आणि त्याआधी धास्ती पुरेशी साठवतो.

१९४२ साली निघालेला ‘कॅट पीपल’ हा याचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. पैसा बेताचा होता; हिंस्र प्राणी पडद्यावर वारंवार दाखवणे परवडणारे नव्हते. कथेतील आयरीना ही तरुणी मनात मत्सर पेटला की काळा बिबळ्या बनते, असा संशय आहे. एका रात्री ॲलिस नावाची दुसरी तरुणी बागेच्या दगडी भिंतीच्या कडेने एकटी चालली आहे आणि आयरीना मागून येत आहे. पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ती फक्त दोघींच्या टाचांची टकटक. कॅमेरा एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर.

मग मागची टकटक थांबते.

सारा प्रसंग या थांबण्यावर उभा आहे. मागची बाई थबकली असेल, वळून गेली असेल, किंवा ती अजूनही येत असेल पण आता तिची पावले वाजत नसतील. टाच वाजते, पंजा वाजत नाही. हे वाक्य चित्रपटात कोणी उच्चारत नाही. प्रेक्षक ते मनाशी जुळवतो. ॲलिस मागे वळून पाहते, रस्ता रिकामा असतो, ती घाईघाईने चालू लागते. तेवढ्यात एखादे मोठे मांजर फिस्कारावे तसा आवाज कानांवर आदळतो आणि पडद्यावर बाजूने एक बस येऊन उभी राहते. फिस्कारा तिच्या ब्रेकचा होता. चित्रपटवाल्यांच्या परिभाषेत अशा हुलकावणीला पुढे ‘ल्यूटन बस’ असेच नाव पडले.

या युक्तीच्या शेकडो नकला झाल्या. कपाटातून मांजर उडी मारते, खांद्यावर एकाएकी मित्राचा हात पडतो. पण नकलाकारांनी बस तेवढी उचलली, तिच्या आधीची शांतता उचलली नाही. बस हा प्रसंगाचा शेवट आहे. भीती बसच्या आधीच, टाचा वाजायच्या थांबल्या त्या क्षणी, पुरी झालेली असते.

दिसत नाही, पण आहे

प्रकाश सरळ रेषेत जातो. भिंत आली की अडतो. ध्वनी कोपऱ्यावरून वळतो, दाराच्या फटीतून शिरतो, पातळ भिंतीतून झिरपतो. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने ध्वनीची तरंगलांबी प्रचंड असते. १०० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे दारापेक्षाही मोठी. असा ध्वनी दारातून बाहेर पडताच सर्व बाजूंना पसरतो. त्यामुळे नजरेआडच्या गोष्टीची पहिली वार्ता बहुधा कानच आणतो. पडद्याची चौकट डोळ्यांना बांधते, कानांना ती बांधत नाही. चौकटीबाहेर काय आहे ते सांगण्याचे काम चित्रपटात ध्वनीकडे येते, ते याच कारणाने.

जर्मन दिग्दर्शक फ्रित्स लांगचा ‘एम’ हा १९३१ सालचा चित्रपट त्याचा पहिला बोलपट. लहान मुलांचे खून करणाऱ्या एका माणसाची ही कथा आहे. बोलपट नवा असताना बहुतेक निर्माते मिळेल तेथे संवाद आणि संगीत भरत होते. लांगने पार्श्वसंगीत वापरलेच नाही. खुनी माणसाला त्याने फक्त एक शीळ दिली, नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याची एक धून. खुनी आपल्याला नीट दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते, आणि पुढे आंधळा फुगेवाला त्या शिळेवरूनच त्याला ओळखतो. डोळस शहराला जो सापडत नाही तो आंधळ्याला सापडतो. ध्वनी हा येथे नुसता सजावटीचा भाग नाही, तोच पुरावा आहे.

याच चित्रपटात एल्सी नावाची मुलगी शाळेतून घरी येत नाही. आई तिला हाक मारते. हाक ऐकू येत असताना पडद्यावर रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा ओसाड माळा, जेवणाच्या टेबलावरची रिकामी ताटली दिसते. मग हाक नाही, काहीच नाही. झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही, किंकाळीही ऐकवलेली नाही. हाकेला ओ आली नाही, एवढेच ऐकवले आहे. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. हजेरी घेताना एका नावानंतर ‘हजर’ आले नाही की वर्ग क्षणभर गप्प होतो. न आलेला आवाजही कानाला ऐकू येतो.

आपल्याकडे याच तत्त्वाचा सर्वांत गाजलेला वापर १९४९ साली मुंबईत झाला. बॉम्बे टॉकीजचा ‘महल’, दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. जुन्या वाड्यात राहायला आलेल्या नायकाला रात्री एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. गाणारी कोठे आहे ते कळत नाही. तो आवाजाच्या मागे जातो आणि ती निसटते. गाणे लता मंगेशकर यांचे. सुरुवातीच्या ओळी दुरून आल्यासारख्या वाटाव्यात म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, असे त्यांनी नंतर सांगितले आहे.

नुसता आवाज कमी करून हे साधले नसते का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि तो योग्य आहे. उत्तर नाही असे आहे. खोलीत कोणी गात असेल तेव्हा आपल्या कानांशी दोन प्रकारचा ध्वनी येतो. एक थेट तोंडातून आलेला आणि दुसरा भिंतींवर, छतावर आपटून घुमत आलेला. गाणारी व्यक्ती दूर जाऊ लागली की थेट येणारा ध्वनी झपाट्याने क्षीण होतो, पण घुमणारा ध्वनी खोलीभर जवळजवळ सारखाच राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ठरवतो. जवळून गायलेले गाणे नुसते बारीक केले तर ते ‘बारीक केलेले गाणे’ वाटते, ‘दुरून आलेले’ वाटत नाही. ‘महल’च्या ध्वनिमुद्रणात अंतर नाटकीपणे सुचवलेले नाही, ते खरोखर चालून मुद्रित केलेले आहे. ते गाणे आजही अंगावर काटा आणते, याचे निम्मे श्रेय आवाजाला आणि निम्मे त्या चालण्याला द्यावे लागेल.

‘महल’नंतर हिंदी रहस्यपटांत अदृश्य गायिकेची प्रथाच पडली. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) ही त्यांतली ठळक नावे. गाणी उत्तम होती यात शंका नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटापर्यंत धुक्यातले गाणे हा संकेत होऊन बसला आणि संकेत झाला की अंतर मिटले. कानाला जे कळायचे ते प्रेक्षकाला तिकीट काढतानाच कळलेले असे. शिवाय रानात एकट्या फिरणाऱ्या स्त्रीला साथ करणारे व्हायोलिनवादक कोठे बसले आहेत, ही चिकित्सक मुलांची जुनी शंका आहे. कथेतला ध्वनी आणि कथेबाहेरचा ध्वनी यांची अशी सरमिसळ झाली की ऐकू येणाऱ्या गोष्टीवरून अंदाज बांधण्याचा खेळ संपतो. त्या मानाने ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तफाक’ (१९६९) या दोन चित्रपटांनी गाणी मुळीच न ठेवण्याचे जे धैर्य दाखवले, त्याचे मोल आम्हांला अधिक वाटते.

पावलांचे गणित

जवळ येणारा आवाज दूर जाणाऱ्या आवाजापेक्षा अधिक बेचैन करतो, हा सर्वांचा अनुभव आहे. यामागे थोडे गणित आणि थोडे मानसशास्त्र आहे.

मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर निम्मे झाले की ध्वनिपातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. समजा, कोणी १६ मीटरवरून सेकंदाला १ मीटर या वेगाने आपल्याकडे येत आहे. पहिले ६ डेसिबल वाढायला ८ सेकंद लागतील (१६ ते ८ मीटर). पुढचे ६ वाढायला ४ सेकंद, त्यापुढचे ६ वाढायला २ आणि शेवटचे ६ वाढायला अवघा १ सेकंद. म्हणजे १५ सेकंदांत एकूण २४ डेसिबल वाढ झाली, पण तिच्यापैकी निम्मी शेवटच्या ३ सेकंदांत झाली. चालणाऱ्याने वेग मुळीच वाढवला नाही. तरी ऐकणाऱ्याला तो अंगावर धावून आल्यासारखा वाटतो.

त्यात कानाची स्वतःची भर असते. जॉन न्यूहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९९८ साली दाखवून दिले की आवाजाची पातळी सारख्याच प्रमाणात वाढवली आणि कमी केली, तर वाढ ही घटीपेक्षा मोठी वाटते. येणारा प्राणी थोडा आधी आल्यासारखा वाटला तर नुकसान नाही. उशिरा कळला तर आहे. उत्क्रांतीच्या दृष्टीने हा कल समजण्यासारखा आहे. चित्रपटातील जवळ येणारी पावले, चढत जाणारी गुणगुण, वाढत जाणारे इंजिन हे सारे या कलावर चालते.

दोन स्वरांचा करार

स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘जॉज’ (१९७५) बहुतेकांना माहीत आहे. चित्रणाच्या वेळी यांत्रिक शार्क समुद्रात वारंवार बिघडत असे. त्यामुळे मासा फार वेळ न दाखवता त्याचे अस्तित्व जाणवून देणे भाग पडले. ते काम जॉन विल्यम्स यांच्या संगीताने केले. त्याचा गाभा दोन स्वरांचा आहे. वर्गातल्या पेटीवर तो कोणालाही वाजवता येईल. पांढरी एक हा षड्ज धरावा आणि मंद्र सप्तकात ‘ग’ आणि शुद्ध ‘म’ हे लागून असलेले दोन स्वर आलटून पालटून वाजवावे. आधी थांबून थांबून, मग जलद, मग आणखी जलद.

हे दोन स्वर भिववतात कशाने? स्वर खालचे आहेत, आणि निसर्गात खालचा आवाज बहुधा मोठ्या शरीरातून येतो. ते एकमेकांना इतके चिकटून आहेत की कानाला विसावा मिळत नाही. ‘म’ पुन्हा ‘ग’वर पडतो आणि पुन्हा उठतो. आणि लय वाढत जाते. वाढती लय म्हणजे घटते अंतर, हे आपण मागेच पाहिले.

पण आमच्या मते ‘जॉज’चे खरे मोठेपण याहून निराळ्या गोष्टीत आहे. हा चित्रपट प्रेक्षकाशी एक करार करतो : हे स्वर वाजले की मासा आहे. गजबजलेल्या किनाऱ्यावर पाण्यातून एक काळा पर वर येतो आणि पळापळ होते. तो पर पुठ्ठ्याचा असतो, दोन पोरांनी केलेली खोडी. त्या वेळी ते दोन स्वर वाजत नाहीत. ज्याचे कान उघडे होते त्याला फसवणूक आधीच कळू शकते. संगीत खोटे बोललेले नाही.

पुढे मात्र, करार पक्का झाल्यावर, दिग्दर्शक तो एकदा मोडतो. पोलिसप्रमुख होडीच्या कडेला पाण्यात आमिष टाकत कुरकुरत असताना मासा कसलीही सूचना न देता पाण्याबाहेर येतो. येथे प्रेक्षक उडतो तो मोठ्या आवाजाने नव्हे. ज्या स्वरांवर आपण विसंबून राहायला शिकलो होतो ते आलेच नाहीत, म्हणून उडतो. नियम शिकवावा, तो पाळावा आणि योग्य वेळी एकदाच मोडावा. शिकवण्याच्या व्यवसायात असलेल्यांना यातले कौशल्य लगेच जाणवेल.

शाळेतले गाणे

हिचकॉकच्या दोन चित्रपटांची तुलना येथे उपयोगी पडते. ‘सायको’ (१९६०) मधील स्नानगृहातला खून जगभर गाजला. बर्नार्ड हरमन यांनी त्या चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्ये वापरली आणि या प्रसंगात व्हायोलिनची कर्कश चिरफाड ऐकवली. हिचकॉकला तो प्रसंग मुळात संगीताशिवाय हवा होता. हरमनचे संगीत ऐकल्यावर त्याने मत बदलले. चाकूच्या वारांचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवलेला होता. हे संगीत इतके परिणामकारक का, याचे एक उत्तर प्राणिशास्त्रातून मिळते. घाबरलेल्या प्राण्याच्या ओरडण्यात स्वर फाटतो, त्यात खरखर येते. माणसांच्या किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा कमीजास्त होते आणि ही खरखर मेंदू धोक्याची खूण म्हणून टिपतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हरमनची व्हायोलिने किंचाळतात, हे केवळ अलंकारिक वर्णन नव्हे.

तीन वर्षांनी आलेल्या ‘द बर्ड्‌स’मध्ये (१९६३) हिचकॉकने नेहमीचे पार्श्वसंगीत काढूनच टाकले. पक्ष्यांचे पुष्कळसे आवाज ऑस्कर साला आणि रेमी गासमन यांनी ट्राउटोनियम या विद्युत्‌वाद्यावर तयार केले, आणि संगीत नसलेल्या या चित्रपटाला ध्वनिविषयक सल्लागार म्हणून हरमनच होता.

त्यातला शाळेचा प्रसंग आम्हांला स्नानगृहाच्या प्रसंगापेक्षा श्रेष्ठ वाटतो. नायिका शाळा सुटण्याची वाट पाहत आवारात बाकावर बसली आहे. आत मुले एक लांबलचक गाणे म्हणत आहेत. कडवे संपले की तेच ध्रुवपद, पुन्हा कडवे, पुन्हा ध्रुवपद. तिच्या मागे मुलांच्या खेळण्याच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. मग आणखी काही. ती सिगारेट ओढत बसली आहे. कॅमेरा बराच वेळ तिच्यावर राहतो, गाणे चालूच. मग आकाशातून जाणाऱ्या एका कावळ्याच्या मागे तिची नजर जाते, आणि तो उतरतो तेथे सारा सांगाडा काळा झालेला असतो.

आतापर्यंतच्या उदाहरणांत कानाला धोका कळत होता आणि डोळ्यांना दिसत नव्हता. येथे उलटे आहे. डोळ्यांना धोका दिसतो आणि कान सांगतात की सारे ठीक चालले आहे. कावळे ओरडत नाहीत, संगीत इशारा देत नाही. ऐकू येतो तो रोजचा, आपल्या ओळखीचा, शाळेचा आवाज. आणि ते गाणे घड्याळाचेही काम करते : गाणे संपेल तेव्हा मुले बाहेर येतील. ते संपू नये असे प्रेक्षकाला वाटू लागते. मुलांच्या गोड आवाजाला अशी धार लावणे फार थोड्यांना जमले आहे.

मोठा आवाज, लहान धास्ती

‘कॅट पीपल’च्या काळी ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या साहाय्याने मुद्रित होत असे. त्यात फार मोठा आवाज फाटत असे आणि फार बारीक आवाज फिल्मच्या खरखरीत बुडून जात असे. १९७०च्या दशकात डॉल्बीची पद्धत आली, १९९०च्या दशकात अंकीय ध्वनी आला, आणि दोन्ही टोके मोकळी झाली. आता खरीखुरी शांतता ऐकवता येऊ लागली आणि छाती हादरेल असा दणकाही. दुर्दैवाने बहुतेकांनी या देणगीचे एकच टोक उचलले.

क्रिस्टोफर नोलनच्या ‘डंकर्क’चे (२०१७) उदाहरण घेऊ. हा युद्धपट असला तरी त्याची बांधणी थरारपटाची आहे. संगीतकार हान्स झिमर यांनी त्यात घड्याळाची टिकटिक आणि ‘शेपर्ड स्वर’ वापरले. रॉजर शेपर्ड यांनी १९६४ साली वर्णन केलेला हा श्रवणभ्रम मोठा गमतीचा आहे. स्वर सतत वर चढत आहे असे वाटते, पण तो कोठेच पोचत नाही. रहाटगाडग्याची कल्पना करा. प्रत्येक पोहरा वर चढतो, माथ्यावर दिसेनासा होतो आणि तेवढ्यात खालून दुसरा आलेला असतो. येथे पोहऱ्यांच्या जागी एकेका सप्तकाच्या अंतरावरचे स्वर असतात. वरचा हळूहळू विरतो, खालचा हळूहळू उमटतो, आणि मधले ठळक स्वर चढतच राहतात.

युक्ती उत्तम आहे, विज्ञानाच्या तासाला दाखवावी अशी आहे. पण चित्रपटभर जवळजवळ अखंड वाजणारे संगीत ताण चढवत ठेवते आणि तो उतरू देत नाही. आणि जो ताण कधी उतरत नाही त्याची कानाला सवय होते. एक क्षण कसला भयानक आणि दुसरा कसला साधा, हे संगीतच पुसून टाकते. चित्रपटाला ध्वनीची दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि तांत्रिक कामगिरी म्हणून ती योग्यच आहेत. पण थरार म्हणून आम्हांला टाचांचे ते थांबणे अधिक खोल वाटते.

याच्या नेमके विरुद्ध टोक कोएन बंधूंच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’मध्ये (२००७) आहे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. हॉटेलच्या खोलीत लपलेला माणूस खालच्या टेबलाला फोन लावतो. रिसीव्हरमध्ये घंटी वाजते आणि तीच घंटी खालून अस्पष्टही ऐकू येते. कोणी उचलत नाही. तेथे नेहमी असणारा माणूस का उचलत नाही, ते प्रेक्षकाला कळते. मग पावले. दाराच्या फटीखाली सावली. आणि बाहेरच्या दिव्याचा प्रकाश जातो. एकही मोठा आवाज न करता श्वास रोखायला लावणारा हा प्रसंग अंकीय ध्वनीच्या शांततेशिवाय शक्य नव्हता. नव्या तंत्राचा हा आम्हांला दिसलेला सर्वांत शहाणा उपयोग.

जाता जाता एका समजुतीचा उल्लेख करायला हवा. चित्रपटांत ऐकू न येणारा अवश्राव्य ध्वनी, म्हणजे २० हर्ट्झखालचा, गुपचूप मिसळून प्रेक्षकांना घाबरवतात, असे वारंवार लिहिले जाते. एका प्रयोगशाळेतील पंख्यामुळे निर्माण झालेल्या सुमारे १९ हर्ट्झच्या कंपनांनी भुताचा भास झाला, अशी १९९८ साली प्रसिद्ध झालेली हकिकत या समजुतीच्या मुळाशी आहे. नंतर मुद्दाम खोली बांधून केलेल्या चाचणीत मात्र अवश्राव्य ध्वनीचा असा परिणाम आढळला नाही. शिवाय घरच्या दूरचित्रवाणी संचाचे छोटे ध्वनिक्षेपक इतका खालचा ध्वनी काढूच शकत नाहीत. आणि भीती तर घरीही वाटते. तेव्हा तिचे कारण ऐकू येणाऱ्या आवाजातच शोधावे.

वर्गात काय करता येईल

‘सायको’सारखे चित्रपट शाळेत दाखवू नयेत, हे उघड आहे. त्याची गरजही नाही. पुढील तीन गोष्टी कोणत्याही शाळेत करता येतील.

एक : मुलांना डोळे मिटून मैदानाच्या एका कडेला बसवावे. एकाने दूरवरून समान वेगाने, हातातली दोन नाणी वाजवत यावे. तो १ मीटरवर आला असे वाटेल तेव्हा मुलांनी हात वर करावा. बहुतेकांचे हात लवकर वर होतात का, ते मोजावे. हाच प्रयोग दूर जाणाऱ्या आवाजाचा करावा.

दोन : तेच वाक्य मोबाइल फोनवर दोनदा मुद्रित करावे, एकदा तोंड फोनजवळ ठेवून आणि एकदा वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून. ऐकवताना दोन्हींची पातळी सारखी करावी. जवळचे कोणते, हे मुले तरीही ओळखतील. कशावरून, ते त्यांनाच शोधू द्यावे.

तीन : एखादा निरुपद्रवी दृश्यतुकडा, उदाहरणार्थ कोणी जिना चढत आहे असा, आधी आवाजाशिवाय, मग वेगवेगळ्या आवाजांसह दाखवावा. प्रत्येक वेळी पुढे काय होईल असे वाटते, ते मुलांनी लिहावे. चित्र तेच असताना कथा किती बदलल्या, याची चर्चा करावी.

हा तिसरा प्रयोग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण चित्रपटगृहाबाहेर आहे. थरारपटाचा प्रेक्षक तिकीट काढून, घाबरायची तयारी ठेवून आलेला असतो. बातम्यांच्या वाहिनीपुढे बसलेला माणूस असा करार करून बसलेला नसतो. तरी आज अनेक वाहिन्यांवर बातमीचा पहिला शब्द उच्चारला जाण्याआधी खालच्या पट्टीतली गुरगुर, ढोलाचे ठोके आणि चढत जाणारी शीळ सुरू होते. वादळ असो, दंगल असो वा कोणा नटाचे लग्न, ध्वनी तोच. डोळ्यांना अजून काहीच दिसलेले नसते आणि कानाला सांगून टाकलेले असते की घाबरा. ‘जॉज’च्या दिग्दर्शकाने पुठ्ठ्याच्या परासाठी ते दोन स्वर वाजवले नाहीत. येथे पुठ्ठ्यासाठीही वाजवले जातात.

ध्वनी म्हणजे कंपन, त्याचा वेग इतका, माध्यम इतके, हे आपण शिकवतोच. त्याबरोबर मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावली पाहिजे : मला आत्ता भीती वाटते आहे ती दिसलेल्या गोष्टीची, की ऐकवलेल्या आवाजाची? उत्तर शोधायला उपकरण लागत नाही. एकदा आवाज बंद करायचा आणि पाहायचे, पाण्यात मासा खरोखर आहे का.